नऊ रायफली, एक बादली

माझ्या उजव्या खांद्यावरचा डाग आडवा साडेनऊ सेंटिमीटर आणि उभा सहा सेंटिमीटर होता. मधोमध जांभळा, कडेला हिरवट, आणि खालच्या अंगाला पिवळ्याची एक बारीक रेघ. म्हणजे तीन निरनिराळ्या दिवशी खाल्लेला मार एकावर एक चढला होता. मी आरशासमोर पट्टी धरून तो मोजला, वहीत तारखेसह लिहिला, शर्ट चढवला आणि कामावर गेले. मोजल्याशिवाय दुखणं मला पटत नाही.

काम म्हणजे टिल्डनची धान्य-प्रयोगशाळा. टिल्डन हे उत्तर मोंटानातलं सहाशे बारा माणसांचं गाव. शेतकरी गव्हाचा नमुना आणतात, मी त्यातला ओलावा आणि प्रथिनं मोजते, आणि दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्यावरून निम्मं गाव माझ्याशी दोन-दोन महिने अबोला धरतं. बावीस वर्षांत मी कोणालाही पाव टक्का जास्त दिलेला नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. रॉइसचा गहू दरवर्षी सुमारच येतो, आणि तसं मी त्याला छापील कागदावर सही करून देते.

तेव्हा माझी पहिली रायफल मी कशी निवडणार होते, हे वेगळं सांगायला नको. शास्त्रीय पद्धतीने! टिल्डनमध्ये आजवर कोणी निवडली नसेल इतक्या शास्त्रीय पद्धतीने!

पण खरं कारण आधीच सांगून टाकते. शास्त्र हे निमित्त होतं. मला एका माणसाला ‘नको’ म्हणायचं होतं आणि ते सहा वर्षं जमत नव्हतं.

तो माणूस म्हणजे माझे सासरे हार्लन क्वाले. त्यांना आम्ही पॉप म्हणतो. सहा वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणानंतर, टर्कीची हाडं अजून टेबलावर असताना, पॉप उठले, आतून आपली थर्टी-ऑट-सिक्स रायफल घेऊन आले आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. ती त्यांच्या वडिलांची. दस्त्याचं लाकूड हाताळून हाताळून काळं पडलेलं.

“तू बारा वर्षं आमच्याबरोबर शिकारीला येतेस आणि नुसती सँडविचं उचलतेस,” पॉप म्हणाले. “ही घे. हवी असेल तर. विचार कर.”

पॉप वर्षाकाठी एवढं एकदाच बोलतात. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, कारण ती रायफल मी त्याच सकाळी अंगणात एकदा चालवून पाहिली होती आणि मला खांदा वर करता येत नव्हता.

“विचार करते,” मी म्हणाले.

आणि करत राहिले! तक्ता आखला. वजन, नळीची लांबी, धक्का, दुर्बीण, गोळीचा वेग, पाचशे यार्डांवर गोळी किती खाली येते. मला एकच रायफल दोन कामांसाठी हवी होती. लांबचा नेम साधायचा तर ती जड हवी, म्हणजे हलत नाही. हरणामागे दिवसभर माळरान तुडवायचं तर हलकी हवी. एकाच वस्तूत ऐरण आणि छत्री शोधण्यासारखं ते काम. असं काम सहा वर्षं सहज पुरतं. दरवर्षी थँक्सगिव्हिंगला पॉप माझ्याकडे बघायचे, मी म्हणायचे, “अजून दोन रकाने भरायचेत,” आणि पॉप मान हलवून भोपळ्याच्या गोड ‘पाय’कडे वळायचे.

यंदा ऑगस्टमध्ये घोटाळा झाला. सोडतीत मला प्राँगहॉर्न हरणाचा परवाना लागला! ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी हंगाम सुरू. आता रकाने भरायला वेळ नव्हता.

गावात बंदुकांचं एकच दुकान आहे, एमेट स्टब्जचं. तिथे कॉफी फुकट मिळते आणि सल्ला तर मागावाही लागत नाही.

“काय आर्डिस, नंबर लागला म्हणे!” एमेट म्हणाला. “मग, हार्लनची घेऊन जाणार ना?”

“अजून ठरलं नाही,” मी म्हणाले.

कॉफीच्या किटलीपाशी उभे असलेले सगळेजण एकदम वळले. दुसऱ्या गावांत उपवर मुलगी असते, तशी आमच्या गावात रायफल न ठरलेली बाई असते. जो तो स्थळ सुचवायला धावतो.

पहिला धावला वेंडेल बाक्के, नेमबाजी क्लबचा अध्यक्ष. मैदानात सहाशे यार्डांवर एक पोलादी थाळी टांगलेली आहे. गोळी लागली की ती ‘टण्ण’ वाजते, आणि वेंडेलला तो आवाज चर्चच्या घंटेपेक्षा पवित्र वाटतो.

“तुला थाळी हवी की हरीण?” त्याने विचारलं.

“दोन्ही.”

“मग माझी मोठ्या काडतुसाची मॅग्नम घेऊन जा. वापरून बघ. दुसरी हातात धरणार नाहीस!”

“दुसरी धरायला हात उरला तर ना!” लोर्ना प्रुइट म्हणाल्या. लोर्नांचं वय चौऱ्याहत्तर. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली आणि अख्ख्या गावाला त्या अजून ‘बसा खाली’ याच आवाजात बोलतात. “तिला हरीण खायचंय, वेंडेल. उडवायचं नाहीये! पोरी, तू माझी साडेसहा मिलिमीटरची ने. गरीब गाईसारखी आहे.”

“लोर्ना, साडेसहा म्हणजे खेळणं!”

“हो का? मागच्या जुलैत तुझ्या थाळीवर दहापैकी नऊ कोणाच्या लागल्या? आणि तुझ्या किती? मोठ्याने सांग, मागच्या बाकावर ऐकू येत नाही!”

तिथे मी फक्त हसायला हवं होतं. पण मी म्हणाले, “दोन्ही तपासून बघते.”

आमच्याकडे कोणी ‘तपासून बघते’ म्हणालं की तो होकार. बुधवारपर्यंत आमच्या गॅरेजमध्ये आठ रायफली जमल्या! वेंडेलची, लोर्नांची, दंतवैद्य डॉक्टर पेल्कींची, पाद्रीबाबांची, टपाल वाटणाऱ्या बाईंची, आणि आणखी तीन, ज्यांचे मालक मी घरी नसताना नुसत्या चिठ्ठ्या ठेवून गेले होते. त्यातली एक चिठ्ठी अशी: ‘ही चालवून झाल्यावर बाकीच्या परत करशील.’

“पॉपची पण आणायला हवी,” रॉइस म्हणाला. “नाहीतर त्यांना काय वाटेल?”

झाल्या नऊ.

मी पद्धत ठरवली. नाव बघून माझं मत कलू नये म्हणून रॉइस शेडमध्ये बसून प्रत्येक रायफलीला तपकिरी चिकटपट्टी गुंडाळणार. दस्त्याला, नळीला, दुर्बिणीला, सगळीकडे. प्रत्येकीला एक अक्षर, ए ते आय. कोणतं अक्षर कोणाचं, ते तो एका पाकिटात बंद करून ठेवणार. मी शंभर यार्डांवर प्रत्येकीच्या पाच-पाच गोळ्या तीन वेळा झाडणार, कागदावरची भोकं किती जवळजवळ पडली ते मोजणार, मग थाळीवर दहा. रॉइस काडतूस भरून देणार, मी फक्त नेम धरणार.

दोन शनिवार आणि एक रविवार गेला. रायफली पट्ट्या गुंडाळून अशा दिसत होत्या की जणू सगळ्यांचा एकाच बसमध्ये अपघात झाला होता. आणि पद्धत उत्तम चालली, एक गोष्ट सोडून. एफ. बाकीच्या आठ रायफली खांद्याला ढकलत होत्या, एफ लाथ घालत होती. पट्टी गुंडाळली म्हणून घोडा ओळखू येत नाही का? पहिल्याच गोळीला मी एफला ओळखलं आणि एफने मला.

तक्ता पूर्ण झाला. ई पहिली. एफ नववी. आठवी आणि नववी यांच्यातही एवढं अंतर होतं की मध्ये आणखी तीन रायफली सहज मावल्या असत्या. तक्ता मी गॅरेजच्या भिंतीला खिळ्याने लावला, कारण माझे तक्ते भिंतीलाच असतात.

बेत साधा होता. हंगामाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, पट्ट्या काढून एकेकाची रायफल ज्याची त्याला परत. पाकीट उघडायचंच नाही. पॉपना सांगायचं की पुरावा अपुरा आहे. बावीस वर्षांत पहिलं खोटं. पण गव्हाबद्दल नव्हतं, म्हणून मी स्वतःला परवानगी दिली होती.

आता बोल्टचं सांगते. बोल्ट म्हणजे रायफलीच्या मागच्या बाजूचा वीतभर लांबीचा पोलादी दांडा. काडतूस आत ढकलतो आणि कडी लागावी तसा बंद होतो. तो काढून ठेवला की रायफल म्हणजे नुसती काठी. घरात एवढ्या रायफली ठेवायच्या तर बोल्ट वेगळे हवेत, म्हणून मी नऊही बोल्ट काढून कपाटात कुलपात ठेवले होते. प्रत्येकावर कागदी पट्टी, पट्टीवर मार्करने अक्षर. निष्काळजीपणा माझ्या स्वभावात नाही!

रॉइसच्या स्वभावात मदत आहे.

गुरुवारी मी कामावरून आले तेव्हा तो गॅरेजच्या दारात उभा होता. चेहऱ्यावर सांताक्लॉजसारखा आनंद.

“डोळे मीट,” तो म्हणाला.

“का?”

“उसनी आणलेली रायफल मळकी परत करायची नाही, बरोबर? तुझं सगळं काम मी करून टाकलं. पट्ट्या काढल्या, नळ्या पुसल्या, दस्त्यांना तेल लावलं. आणि बोल्ट तर बघ!”

मी डोळे उघडले. त्याच्या पायाशी बादली होती. बादलीत रॉकेल होतं. रॉकेलमध्ये नऊ बोल्ट सुखाने डुंबत होते, आणि वर नऊ कागदी पट्ट्या तरंगत होत्या. कोऱ्या. मार्करची शाई रॉकेलमध्ये विरघळते, हे मी त्याला आमच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

“रॉइस,” मी म्हणाले, “कुठला बोल्ट कुठल्या रायफलीचा?”

त्याने बादलीत पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा बादलीत.

“चकाकतायत मात्र,” तो म्हणाला.

इथे थोडं गांभीर्याने सांगावं लागेल. प्रत्येक बोल्ट त्याच्याच नळीला जुळवून बसवलेला असतो. भलत्याच रायफलीतही तो ऐटीत बंद होऊ शकतो, आणि मग गोळी झाडली की पुढे जायच्या ऐवजी सगळा स्फोट मागे, तोंडावर. म्हणजे ‘बसतोय ना, मग चालेल’ हे इथे चालत नाही. आणि परवा सकाळी उजाडताना टिल्डनमधले शिकारी याच रायफली घेऊन माळावर जाणार होते!

तीन बोल्ट लगेच सुटले. वेंडेलच्या मॅग्नमचा, कारण त्याचं तोंड जाड. टपालवाल्या बाईंचा, कारण त्या डावखुऱ्या आणि बोल्टही डावखुरा. आणि पॉपचा, कारण जुन्या काळी बोल्टवर नंबर कोरत. उरले सहा. ते सहा सख्ख्या भावांसारखे. एमेटने काही वर्षांपूर्वी एकाच जातीच्या वीस काळ्या रायफली स्वस्तात आणल्या होत्या आणि निम्म्या गावाच्या गळ्यात मारल्या होत्या. एकावरही नंबर नाही.

“सहा बोल्ट, सहा रायफली,” रॉइस म्हणाला. “एकेक लावून बघू. किती वेळ लागणार?”

“सातशे वीस जोडण्या होतात.”

“मग कॉफी टाकू?”

मी एमेटला फोन केला. त्याने आधी पूर्ण एक मिनिट हसून घेतलं. मग त्याचा आवाज एकदम बदलला. “कुणालाही काहीही भरू देऊ नकोस. उद्या बाराला माप घेऊन येतो. आणि आर्डिस, सगळ्या मालकांना बोलाव. स्वतःची रायफल माणूस ओळखतो.”

हंगामाच्या आदल्या शुक्रवारी आमचं गाव दुपारीच बंद होतं. त्यामुळे बारा वाजता सहाऐवजी साधारण चाळीस माणसं आमच्या अंगणात उभी होती. कोणी घडीच्या खुर्च्या आणल्या, कोणी लिंबाच्या वड्या. पॉप स्वतः केलेल्या लेफ्से घेऊन आले. बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या त्यांच्याइतक्या मऊ कोणालाच जमत नाहीत. एक उलटी बादली ओढून ते कोपऱ्यात बसले आणि कॉफी पिऊ लागले. माझ्याकडे बघून त्यांनी एकदा मान हलवली. मी एक लेफ्से घेतली. ती न खाताच टेबलाच्या कडेला ठेवली.

एमेटने कामाच्या टेबलावर पांढरं फडकं पसरलं आणि सहा बोल्ट ओळीने मांडले. मालक पुढे आले. प्रसूतिगृहात बाळांची अदलाबदल झाल्यावर जो प्रकार होईल तोच झाला.

“हा माझा!” डॉक्टर पेल्कींनी तिसरा बोल्ट उचलला. “मी तीस वर्षं लोकांच्या तोंडात बघतोय. याच्या टोकाचे हे दात मी कुठेही ओळखेन.”

“तीस वर्षांपूर्वी तुम्ही माझी चुकीची दाढ उपटली होती,” लोर्ना म्हणाल्या. “ठेवा तो खाली!”

एमेट टेबलाशी वाकला. त्याने भिंग लावलं. दांड्यावर झिजेच्या रेघा असतात, आतल्या खोबणीतही असतात. त्या त्याने जुळवल्या. मग दोन छोटे पोलादी ठोकळे काढले. पहिला आत ठेवला की बोल्ट बंद व्हायला हवा. दुसरा ठेवला की होता कामा नये. डॉक्टरांच्या रायफलीत डॉक्टरांचा लाडका बोल्ट दोन्हींवर बंद झाला.

“हा तुमचा नाही,” एमेट म्हणाला. “याने उद्या तुमचेच दात गेले असते.”

अंगणात एवढा हशा उठला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. पाद्रीबाबांनी दोन बोल्टांवर हक्क सांगितला आणि दोन्ही चुकीचे निघाल्यावर म्हणाले की आपण खोटं बोलत नव्हतो, आपली श्रद्धा होती. लोर्नांनी मात्र एकही बोल्ट हातात न घेता, कमरेवर हात ठेवून, बसच्या आरशातून बघावं तसं ओळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “पाचवा.” पाचवाच निघाला.

इथवर ठीक चाललं होतं. पण वेंडेलचा बोल्ट आधीच सापडला होता. त्याला काम नव्हतं. आणि बिनकामाचा माणूस भिंती वाचतो.

“हे काय आहे?” त्याने मोठ्याने विचारलं. “‘क्रमवारी’?”

मी धावत भिंतीपाशी गेले. “ते कच्चं आहे,” मी म्हणाले.

“ई पहिली. आय दुसरी. अरे, हा तर आपल्या रायफलींचा निकाल आहे! कुठलं अक्षर कोणाचं?”

“माहीत नाही. पाकिटात आहे. आणि पाकीट…”

“माझ्या खिशात आहे!” रॉइस म्हणाला.

रॉइसच्या स्वभावात मदत आहे, हे मी वर सांगितलंच आहे.

चाळीस माणसं खुर्च्या ओढून गॅरेजच्या दाराशी आली. मी तक्त्यासमोर उभी राहिले. “हे बघा, हा निकाल फक्त माझ्यापुरता आहे. माझी उंची, माझा खांदा. यावरून कोणत्याही रायफलीबद्दल सर्वसाधारण निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल.”

“ऑगस्टमध्ये माझ्या गव्हाला अकरा पूर्णांक आठ दिलेस,” वेंडेल म्हणाला. “बारा हवं होतं. मी किती विनवलं! तेव्हा तू काय म्हणालीस? ‘आकडा हा आकडा असतो, वेंडेल.’ म्हणालीस की नाही?”

“म्हणाली होती,” मागून सात-आठ शेतकरी एका सुरात म्हणाले.

“मग वाच!”

मी कोपऱ्यात बघितलं. पॉप कॉफी ढवळत होते. ते कॉफीत साखर घालत नाहीत.

रॉइसने पाकीट फाडलं. मी तक्त्यावरचं अक्षर वाचणार, तो नाव वाचणार.

“ई,” मी म्हणाले. “शंभर यार्डांवर पाऊण इंच. थाळीवर दहापैकी सात.”

“लोर्ना प्रुइट!”

लोर्नांनी वेंडेलकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त एक लिंबाची वडी उचलली आणि सावकाश खाल्ली.

दुसरी डॉक्टर पेल्कींची. तिसरी पाद्रीबाबांची. चौथी, पाचवी, सहावी. प्रत्येक नावाला टाळ्या, प्रत्येक नावाला टोमणे. सातवी टपालवाल्या बाईंची. त्या म्हणाल्या, डावखुरी रायफल उजव्या हाताने चालवलीस तर आणखी काय होणार, टपालसुद्धा उलटं वाचलं तर पोचत नाही! वेंडेलची मान एव्हाना बाहेर आली होती.

“बी,” मी म्हणाले. “आठवी. अडीच इंच. थाळीवर एक.”

“वेंडेल बाक्के!”

“वारा होता त्या दिवशी!” वेंडेल ओरडला.

“ताशी दोन मैल,” मी म्हणाले. “नोंद आहे.”

“बसा खाली, वेंडेल,” लोर्ना म्हणाल्या, आणि वेंडेल खरोखर बसला.

मी तक्त्याकडे पाठ केली. “तर असं. बोल्टांचं काम कुठवर आलंय, एमेट?”

“सगळे लागले,” एमेट म्हणाला. “पण नऊ होत्या ना? तू आठ वाचल्यास.”

“नववीची आकडेवारी विश्वासार्ह नाही.”

“का?”

प्रयोगशाळेत अशा वेळी मी म्हणते की नमुना ओला होता. मला एकच वाक्य सुचलं आणि ते मी बोलले. “खांदा ओला होता.”

कोणी हसलं नाही. कारण आठ नावं वाचून झाली होती, आणि ज्याचं राहिलं होतं तो कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसला होता. चाळीसजणांना तेवढा हिशेब येतो. रॉइसने हातातला कागद बघितला, प्रथमच त्याला मदत करावीशी वाटली नाही, आणि त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

“किती इंच?” पॉपनी विचारलं.

“पॉप, ते माझ्या खांद्याचं…”

“किती इंच, आर्डिस?”

बावीस वर्षं मी या लोकांच्या गव्हाचा आकडा त्यांच्या तोंडावर सांगत आले होते. काहींचं त्यावर अख्खं वर्ष अवलंबून असायचं, आणि ते ऐकून टोपी घालून निघून जायचे. कोणी कधी रडलं नव्हतं. मी तक्त्याकडे वळले, कारण पॉपकडे बघून मला वाचता आलं नसतं.

“पावणेसहा,” मी म्हणाले. “थाळीवर शून्य.”

पॉपनी कप जमिनीवर ठेवला. उठले. टेबलावरून आपली थर्टी-ऑट-सिक्स उचलली, बोल्ट मागे ओढला, ती रिकामी असल्याची खात्री केली आणि आडवी धरून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दस्त्याचं काळं लाकूड रॉइसच्या तेलाने चकाकत होतं. ती रायफल इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती!

“सहा वर्षं झाली,” ते म्हणाले. “विचार झाला का?”

अजून दोन रकाने भरायचेत, हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं. रॉइस पायांकडे बघत होता. लोर्नांनी हातातली वडी खाली ठेवली होती. उद्या सकाळी साडेसहाला उजाडणार होतं, आणि मला कोणती तरी एक रायफल घेऊन माळावर जायचं होतं.

“झाला, पॉप,” मी म्हणाले. “मला ती नको. मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटते. हरणावर डोळे मिटून गोळी झाडणं मला जमणार नाही. ती तुमच्या वडिलांची आहे, तुम्ही ती मला दिलीत, याच्याएवढं मला कोणी काही दिलेलं नाही. पण नको. मी लोर्नांसारखी साडेसहा मागवणार आहे.”

“ती येईपर्यंत माझी ने,” लोर्ना म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू निघाला. “मला यंदा सोडतीत लागलं नाही.”

पॉपनी रायफल डाव्या हातात घेतली आणि उजवा हात सावकाश वर नेऊन शर्टाच्या आत घातला. नेमका खांद्यापाशी. तिथे ते बराच वेळ चोळत राहिले.

“एक्केचाळीस वर्षं,” ते म्हणाले. मग एमेटकडे वळले. “एमेट, दोन मागव.”